सहा घंटांचा गुरुवार

स्कॅलथॉर्पच्या चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटा होत्या आणि गेली पावणेतीन वर्षं रविवारी त्यातल्या तीनच वाजत होत्या. घंटा शाबूत होत्या, दोर शाबूत होते, वाजवणारी सहा माणसंही धडधाकट होती. बिघडली होती ती माणसांची डोकी. युरोपात राहायचं की निघायचं याचं मतदान होऊन निघायचं ठरलं त्या उन्हाळ्यात टेरेन्स ब्लॅडननं मनोऱ्यावर देशाचा झेंडा लावला. हॉवर्ड पिंचबेकनं दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी युरोपचा निळा, ताऱ्यांचा लावला. पाद्रीबाईंनी दोन्ही उतरवून ज्याचे त्याच्या हातात दिले आणि त्या दिवसापासून टेरेन्स हॉवर्डबरोबर एका खोलीत दोर ओढीना. मग तोडगा काय निघाला, तर एका रविवारी 'जाणारे' वाजवतील, पुढच्या रविवारी 'राहणारे'. तीन हे, तीन ते. गावाला अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं आज कुणाची पाळी आहे, कारण हॉवर्डची माणसं ताल सोडत नसत आणि टेरेन्स असा हिसके द्यायचा की वर घंटेऐवजी कुणी वैरी टांगलाय.

ग्लेनिस ऑल्डरटनला या प्रकाराची शिसारी आली होती. ती घंटावाल्यांची प्रमुख. वय अडुसष्ट, तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात मोठाली पातेली ढवळलेली, त्यामुळे दंडात अजून ताकद. मत तिनं 'जायचं' असंच दिलं होतं आणि त्याबद्दल ती कुणाची माफी मागणार नव्हती. पण म्हणून मनोऱ्याची वाटणी? तीन घंटांनी करता येतं तरी काय? टण, टण, टण, आणि पुन्हा टण, टण, टण. सहा असल्या की दर फेरीला क्रम बदलतो, एक घंटा पुढे सरकते, दुसरी मागे येते, सातशे वीस वेगवेगळे क्रम होतात आणि एकही दुसऱ्यासारखा नसतो. कागद पाहायचा नाही, मोजत बसायचं नाही, समोरच्यांच्या दोरांवर नजर ठेवून आपण कुणाच्या मागून ओढायचं ते हेरायचं. ज्याच्या तोंडाकडे बघायचं नाही असं ठरवलंय त्याच्याबरोबर हे जमणार कसं, ते तिला कुणी सांगावं.

या सहाही जणांना शिकवलं होतं विल्फ स्लाइटनं. जन्मभर पाणी उपसायच्या पंपावर नोकरी केलेला माणूस, आता नव्वदीला एक कमी. चर्चपासून दोन शेतं पलीकडे वृद्धांचं होम होतं, तिथे तो तीन वर्षं पडून होता. मार्चातल्या त्या मंगळवारी ग्लेनिस त्याच्यासाठी मुरवलेलं आलं घातलेला केक घेऊन गेली, तर त्यानं केककडे पाहिलंसुद्धा नाही.

"काय गं पोरी, रविवारी कोण होतं? तूच ना?"

"मी, टेरेन्स आणि लिनेट."

"वाटलंच. दूधवाल्यानं बाटल्या आपटल्यागत वाटत होतं. मी तुम्हाला हे शिकवलं?"

"नाही शिकवलंत," ग्लेनिस म्हणाली.

"डॉक्टर म्हणतो पंधरा दिवस. म्हणजे आठ धर. भला माणूस आहे, दुप्पट करून सांगतो."

"असं काय बोलता हो विल्फ!"

"मग काय बोलू? ऐक माझं. मला सहा ऐकायच्यात. एकदा. मेल्यावर नको, मेल्यावर काय, कुणाचीही वाजवतात. कान चालताहेत तोवर ऐकव. बाकी काही मागत नाही मी तुझ्याकडे."

म्हाताऱ्यानं आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. तिच्या नवऱ्याच्या अंत्यविधीला हाच माणूस ताप अंगात असताना सगळ्यात जड घंटा तास-दीड तास ओढत उभा होता. ग्लेनिसनं त्याचा वाळका हात हातात घेतला आणि शब्द दिला. "गुरुवारी. सरावाची वेळ, साडेसात. सहाच्या सहा."

"बघ हं," विल्फ म्हणाला. "मी जागा राहीन."

घरी येऊन तिनं आधी टेरेन्सला फोन लावला. टेरेन्सची फ्लॉवरची शेती, आवाज ट्रॅक्टरवर बसून बोलल्यासारखा.

"त्या हॉवर्डबरोबर? मी?"

"विल्फसाठी, टेरेन्स. आठ दिवसांचा सोबती आहे तो."

"बरं. विल्फसाठी. पण मी त्या माणसाशी बोलणार नाही, आधीच सांगतो."

"बोलू नकोस. ओढ."

टेरेन्स आला म्हणजे त्याची बायको लिनेट आलीच. मग हॉवर्ड. हा निवृत्त गणिताचा मास्तर. "माझी कधीच हरकत नव्हती, ग्लेनिस, तुला ठाऊक आहे," तो म्हणाला. हॉवर्डची कधीच कशाला हरकत नसायची, आणि त्याच्यातली सगळ्यात डोक्यात जाणारी गोष्ट हीच होती. त्याच्या बाजूची फिलिपा, ढोरांची डॉक्टरीण, आणि ग्रॅहम पोस्टमन, दोघंही हो म्हणाले. पावणेतीन वर्षांत जे जमलं नव्हतं ते चार फोनांत जमलं. ग्लेनिस इतकी खूश झाली की केकचा उरलेला तुकडा तिनं उभ्या उभ्या खाऊन टाकला.

तिकडे लंडनला त्याच आठवड्यात गुऱ्हाळ चाललं होतं. मंगळवारी संसदेनं युरोपातून निघायचा करार दुसऱ्यांदा फेटाळला. बुधवारी म्हणाले, कराराशिवाय जायचंही नाही. म्हणजे करार नको, आणि करारावाचून नको. बरं, मग हवंय काय तुम्हाला? तर गुरुवारी मतदान घ्यायचं, की निघायचा दिवसच लांबणीवर टाकायचा का. एकोणतीस मार्च हा दिवस दोन वर्षांपूर्वी ठरलेला. दोन वर्षं! एवढ्या काळात स्कॅलथॉर्पातल्या माणसांनी घरं बांधली, लग्नं केली, मोडलीसुद्धा.

गुरुवारी सहाला ग्लेनिस पबमध्ये गेली ती ग्रॅहमला उचलायला, कारण तो एकदा बसला की त्याला वेळ कळत नसे. आत पाय ठेवायला जागा नव्हती. बारमागची डॉट ग्लास पुसत टीव्हीकडे बघत होती, आणि शेजारी एरवी कुत्र्यांच्या शर्यती लावून बसणारे म्हातारे आज संसद लावून बसले होते. निकाल आला. लांबणीवर. चारशे बारा विरुद्ध दोनशे दोन.

मग कोपऱ्यातला जुना ट्रकवाला नेविल पिशे म्हणाला, "शी!" आणि पबभर तोच आवाज फिरला.

"लाज कशी वाटत नाही रे यांना?"

"लाज? ती विकून खाल्ली केव्हाच."

"आणि तो बघितलास का? मंत्री! उभा राहून तासभर सांगितलं, लांबणीवर टाका, देशहिताचं आहे, आणि गेला आणि स्वतः उलटं मत दिलं!"

"थापा मारतोस."

"अरे आत्ता दाखवलं की! स्वतःच्याच भाषणाच्या विरुद्ध!"

"माझा नातू असं करतो," डॉट म्हणाली. "पण तो चार वर्षांचा आहे, आणि त्याला आम्ही कोपऱ्यात उभं करतो."

राहणारे लोकही त्यात होते, पण ते खूश दिसत होते म्हणाल तर नाही. एक बाई म्हणत होती, तिनं टंचाईच्या भीतीनं टोमॅटोचे साठ डबे आणि टॉयलेट पेपरचे ढीग जिन्यापाशी रचलेत, आता आणखी तीन महिने तिनं त्यांना रोज ओलांडून जायचं का? गाडी निघणार म्हणून सांगायचं, सामान चढवायला लावायचं, आणि मग ड्रायव्हर म्हणणार, आज नको, मला जरा विचार करू दे. जायचं नाही तर नाही म्हणा ना एकदाचं! त्यांचं तेही नाही. साडेसहाशे माणसं, सगळी शिकलेली, मानेला टाय, आणि एका प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायची एकात हिंमत नाही. शाळेत पोरं जेवताना घास तोंडात धरून बसायची, ना गिळायची ना थुंकायची, त्यातलीच ही, ग्लेनिसला वाटलं.

"चल रे ग्रॅहम," ती म्हणाली. "इथे बसून ओकारी येईल मला."

सव्वासातला मनोऱ्याच्या खोलीत दिवे लागले. वर्तुळात सहा दोर लोंबत होते, प्रत्येकावर लाल-पांढऱ्या लोकरीची मूठ. हॉवर्ड आणि फिलिपा आधीच आले होते. हॉवर्डच्या तोंडावर हसू नव्हतं, पण ते न दिसावं म्हणून तो जे करत होता ते हसण्याहून वाईट होतं. मग टेरेन्स आला. कोट न काढता दारातच उभा राहिला, मागे लिनेट.

"आज नाही," टेरेन्स म्हणाला.

"काय आज नाही?" ग्लेनिसनं विचारलं.

"आज वाजवायचं नाही. सव्वासहाला तिकडे लांबणीवर टाकलं, आणि साडेसातला इकडे सहाच्या सहा घंटा? पावणेतीन वर्षांनी? अख्खं गाव काय म्हणेल? की चर्चवाले जल्लोष करताहेत!"

ग्लेनिसला हे सुचलंच नव्हतं. मनोऱ्यातल्या माणसाला आवाज बाहेर जातो याचा कधी कधी विसर पडतो. सहा घंटा वाजल्या म्हणजे लग्न, नाही तर सण, नाही तर युद्ध संपलं. गाव कान टवकारणार होतं हे खरंच होतं.

"दारावर पाटी लावू," ती म्हणाली. "'विल्फसाठी' म्हणून लिहू."

"तीन मैलांवरून पाटी कोण वाचतंय? माझा भाऊ आज रात्री मला फोन करून विचारेल, टेरेन्स, तूसुद्धा?"

"लोक काय समजतील याची एवढी—" हॉवर्डनं सुरुवात केली.

"तू गप रे मास्तर. तुझे दात दिसताहेत मघापासून."

"माझे दात हे असेच आहेत!"

"अहो भांडू नका," फिलिपा म्हणाली. तिच्या बुटांना गोठ्यातला चिखल होता आणि डोळे झोपेला आले होते. मार्च म्हणजे मेंढ्या विण्याचे दिवस. "आज नाही तर कधी, तेवढं सांगा."

आणि इथे हॉवर्डनं खडू उचलला. भिंतीवर फळा होता, त्यावर घंटांचे क्रम लिहीत असत. ते त्यानं पुसले. म्हणाला, आपला एकमेकांवर विश्वास उरलेला नाही, तेव्हा रीतसर करू. पर्याय मांडू, एकेकावर हात वर करू. आणि त्यानं सुबक अक्षरात तारखा लिहिल्या.

आज. चार हात वर, टेरेन्स आणि लिनेटचे खाली. चार म्हणजे बहुमत, हॉवर्ड म्हणाला. "असेल," टेरेन्स म्हणाला, "पण सहा दोरांना सहा माणसं लागतात, आणि माझे हात माझ्या खिशात आहेत."

उद्या. टेरेन्स म्हणाला, हा आजच्याच निकालाचा जल्लोष, फक्त शिळा. रविवार. त्या दिवशी राहणाऱ्यांची पाळी. त्यांच्या पाळीला जाणाऱ्यांनी जाऊन वाजवलं म्हणजे जाणारे वाकले असं होणार. पुढचा शनिवार. त्या दिवशी हॉवर्ड आणि ग्रॅहम लंडनला मोर्चाला, पुन्हा मतदान घ्या म्हणणाऱ्यांच्या. "गाडीची तिकिटं काढून झालीत," हॉवर्ड म्हणाला. मग एकोणतीस.

"हां, तो दिवस बरोबर," टेरेन्सचा आवाज चढला. "ठरलेला दिवस. सोडलं नाही युरोप तरी वाजवू, त्यांच्या कानाखाली!"

"अजिबात नाही," हॉवर्ड म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर रंग चढला. "त्या दिवशी मी दोराला हात लावणार नाही. मेलो तरी नाही."

"विल्फ मरतोय, हॉवर्ड, तू नाही," ग्लेनिस म्हणाली.

तारखा फळ्यावर आल्यापासून विल्फचं नाव पहिल्यांदाच निघालं होतं.

खरं म्हणजे विल्फच्या वेळी मनोऱ्यात मतदान नावाचा प्रकारच नव्हता. तो जिना चढून यायचा, टोपी खुंटीला टांगायची, आणि म्हणायचा, "धरा दोर." धरायचे लोक. कुणाचं कुणाशी वाकडं असलं तरी धरायचे. आता प्रमुख ग्लेनिस होती. दोन शब्द तिलाही बोलता आले असते. टेरेन्स तिचा शाळूसोबती, त्याच्या कोटाला धरून तिनं त्याला दोरापाशी ओढलं असतं तर तो आला असता. शिव्या देत, पण आला असता. ते तिला कळत होतं. ती मात्र हाताची घडी घालून फळ्याकडे बघत उभी राहिली, कारण टेरेन्सचं थोडं खरं होतं, हॉवर्डचं थोडं खरं होतं, आणि तिला कुणाशीच वाईटपणा घ्यायचा नव्हता.

साडेआठ वाजले. ग्रॅहमला पबची आठवण होत होती. "मी काय म्हणतो," तो म्हणाला, "पुढच्या गुरुवारी ठरवू या ना. तोवर लंडनचंही काहीतरी कळेल."

हॉवर्डनं फळ्यावर लिहिलं, 'पुढील गुरुवारी निर्णय.' सहा हात वर गेले. संध्याकाळभरातली पहिली गोष्ट जी एकमतानं मंजूर झाली. लिनेट तर बरं वाटून म्हणाली, "बघा, मनात आणलं तर जमतं की आपल्याला."

ग्लेनिस दिवे घालवून खाली उतरली. रस्त्यात नेविल भेटला, पबमधून घरी निघालेला, अजून संसदेला शिव्या घालत. "भेकड साले," तो म्हणाला. "काय गं ग्लेनिस?" ती न थांबता पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी होमवर जायला हवं होतं. जाऊन सांगायला हवं होतं, विल्फ, जमलं नाही. ती कोट घालून निघाली आणि कोपऱ्यावरून परत फिरली. काय सांगायचं? की तारखेवर अडलं? त्यापेक्षा गुरुवारपर्यंत थांबावं, गुरुवारी नक्की काय ते ठरेल, मग पक्की बातमी घेऊनच जावं. शनिवारी तिनं कपाटं आवरली. रविवारी राहणाऱ्यांच्या तीन घंटा अगदी तालात वाजल्या, आणि तिनं रेडिओ मोठा केला. सोमवारी गेली तेव्हा विल्फ शुद्धीत नव्हता. मंगळवारी सकाळी नर्सचा फोन आला. 'पुढील गुरुवार' उजाडायला अजून दोन दिवस होते.

आणि मग काय झालं, सांगू? कुणी फळा पुसला नाही. कुणी खडू शोधला नाही. पाद्रीबाईंना मोकळा वेळ होता तो फक्त शुक्रवारी, एकोणतीस तारखेला, दुपारी बाराला, आणि सहाच्या सहा जण "हो, हो, अर्थात" म्हणाले. ज्या हॉवर्डला त्या दिवशी मेलो तरी दोराला हात लावायचा नव्हता तो साडेदहालाच येऊन वर चढला आणि घंटांच्या लोलकांना एका बाजूनं चामड्याच्या टोप्या बांधू लागला. अशी टोपी बांधली की एक ठोका खणखणीत पडतो आणि पुढचा दुरून कुठून तरी आल्यासारखा. मेलेल्या माणसाकरता हीच रीत. टेरेन्सनं खालून त्याला शिडी धरली. दोघंही एकमेकांशी अगदी सभ्यपणे बोलत होते. ग्लेनिसनं ते पाहिलं आणि तिला त्या सभ्यपणाचीच किळस आली.

वाजवलं मात्र असं, की बास. सगळ्यात हलकी घंटा ग्लेनिसची. पहिला दोर तिचाच. "सांभाळा," ती सुरुवातीची नेहमीची हाक देत म्हणाली, "निघाली... गेली." आणि मग सहाही दोर वर-खाली, क्रम बदलत, एकही चूक नाही. टेरेन्स हिसका देत नव्हता. हॉवर्ड त्याच्या हातांकडे बघून ओढत होता आणि तो हॉवर्डच्या. पाऊण तास. रस्त्यावर लोक उभे राहिले. कुणी एक परका मोटारवाला काच खाली करून विचारत होता म्हणे, हे युरोप सुटल्याचं आहे की न सुटल्याचं? डॉटनं त्याला सांगितलं, पुढे जा मुकाट्यानं.

नंतर गावच्या हॉलमध्ये हॅमचे सँडविच आणि चहा होता. पाद्रीबाई भेटेल त्याला सांगत होत्या, काय सुंदर, विल्फनं जाता जाता सगळ्यांना एकत्र आणलं. अडीचच्या सुमाराला कुणीतरी फोनमध्ये बघून म्हणालं, करार तिसऱ्यांदा पाडला. कुणाला शिवी घालायचंही त्राण नव्हतं. "चहा ओत," एवढंच नेविल म्हणाला.

ग्लेनिस खिडकीपाशी एकटीच उभी होती. तिथे होममधली नर्स, दाइवा, तिच्याजवळ आली. लिथुआनियाची बाई, बारा वर्षं इथलीच झालेली, अंगावर कामाचाच गणवेश, कारण तासाभरात परत पाळीवर जायचं होतं.

"फार छान वाजलं," दाइवा म्हणाली. "त्या दिवशीसुद्धा असंच वाजलं असेल ना?"

"कुठल्या दिवशी?"

"तो गुरुवार हो. चौदा तारीख. विल्फनं मला सातलाच हाक मारली. म्हणाला, खिडकी उघड. मी म्हटलं, बाहेर गारठा आहे, छातीत भरेल. तर म्हणाला, आज सहा आहेत, माझ्यासाठी आहेत. कोट घालून घेतला. टोपी पण. उशा लावून मी त्याला बसवलं. नऊपर्यंत बसला होता. मी दोनदा बंद करायला गेले, करू देईना."

ग्लेनिसनं हातातली बशी खिडकीच्या कठड्यावर ठेवली. "मग?"

"नऊला मी म्हटलं, विल्फ, काही ऐकू येत नाहीये. तर म्हणाला, वाजवल्या असतील, पोरीनं शब्द दिलाय. वारा उलटा असेल. मग निजला. फिकीर नव्हती त्याला, खरंच. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगत होता, काल सहा वाजल्या म्हणून." दाइवानं तिच्याकडे पाहिलं. "काय झालं? मी काही चुकीचं बोलले का?"

"नाही गं बाई," ग्लेनिस म्हणाली. "तू नाही चुकलीस."

हॉलच्या मध्यभागी तेवढ्यात हॉवर्डनं चमच्यानं कप वाजवला. बाकीचे चौघं त्याच्याभोवती होते, सगळ्यांचे डोळे ओले आणि गाल लाल. हॉवर्ड म्हणाला, विल्फची आठवण म्हणून इथून पुढे दर रविवारी सहाच्या सहा वाजवायच्या, पाळ्या बंद. "ज्यांना मान्य असेल त्यांनी—" आणि टेरेन्सचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. लिनेटचा, फिलिपाचा, ग्रॅहमचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"ग्लेनिस?" हॉवर्ड हसत म्हणाला. "तुझा राहिला."

ग्लेनिस त्यांच्यापाशी गेली. हात वर न करताच तिनं दाइवानं सांगितलं ते सगळं सांगितलं, कोट, टोपी, उशा, नऊ वाजेपर्यंत, एकही शब्द न गाळता, आणि शेवटी म्हणाली, "त्या दिवशी सहा हात वर होते. त्यात एक माझा होता."

हात खाली आले. लिनेटनं तोंडाला रुमाल लावला. हॉवर्ड चष्मा पुसायला लागला. टेरेन्सनं बुटांकडे पाहिलं, मग छताकडे, आणि घसा खाकरून म्हणाला, "वारा उलटाच होता ना गं, ग्लेनिस, त्या दिवशी? म्हणजे वाजवल्या असत्या तरी त्याला कुठे..."

"चर्चकडून होमकडे होता," ग्लेनिस म्हणाली. "सरळ त्याच्या खिडकीत."